झोल ठेवा, ताडमाडराव

पत्राचा सारांश: पुण्याचे एक वाचक, वय ३४, उंची ६ फूट ३ इंच, वजन ९२ किलो. सुट्टी मिळाली की मित्रांबरोबर सह्याद्रीत नाहीतर कोकणात भटकायला जातात. तंबूत पाय सरळ होत नाहीत म्हणून गेल्या थंडीत त्यांनी ऑनलाइन हॅमॉक, म्हणजे दोन झाडांमध्ये पट्ट्यांनी टांगायची कापडी झोळी, मागवला. माप २६० × १४० सेंटिमीटर, पिशवीवर '३०० किलो' असा शिक्का. पहिली रात्र दापोलीकडच्या एका सुरूच्या बनात. 'केळ्यासारखा वाकलो, खांदे आवळले गेले, गुडघे उलटे ताणले गेले, पाठ गारठली. पट्टे आणखी ओढून बांधले तर जास्तच त्रास झाला. शेवटी पहाटे तीनला वाळूवर चटई टाकली. मी त्यात मावतच नाही.' दुसऱ्या दिवशी दुपारी त्याच हॅमॉकमध्ये त्यांच्या पाच फूट दोन इंच उंचीच्या पत्नीला दोन तास गाढ झोप लागली, याचं दुःख वेगळं. आता 'डबल' रुंदीचा, जाड कापडाचा, ५०० किलोचा हॅमॉक घ्यायचा विचार आहे, म्हणजे दोघांनाही झोपता येईल. पण खर्च मोठा आहे आणि पत्नी म्हणते, नाद सोडा. कोणता घ्यावा? की हॅमॉक उंच माणसासाठी नसतोच, हे मान्य करून टाकावं? सही: ताडमाड.

ताडमाडराव,

सही तुम्हीच अशी केलीत, म्हणून याच नावानं बोलते. तुमचं मूळ पत्र बरंच लांब होतं, आणि 'मी मावत नाही' हे वाक्य त्यात तीनदा आलं होतं. 'तो मला पुरत नाही' असं एकदाही नाही. माझा धाकटा भाऊ सहा फूट दोन इंच, त्यामुळे ही भाषा माझ्या ओळखीची आहे. रेल्वेत साइड अप्पर मिळाला की गुडघे पोटाशी घेऊन रात्र काढायची. एसटीत समोरच्या सीटला गुडघे टेकवून बसायचं. पाहुण्यांकडे गेल्यावर गोधडी खांद्यावर घ्यायची की पायांवर, ते थंडी बघून ठरवायचं. इतकी वर्षं स्वतःला वस्तूच्या मापात दुमडत आलं की वस्तूचं माप विचारायचं सुचतच नाही. तुम्ही शिक्क्यावरचे किलो वाचलेत, आता रुंदी वाचताय. लांबी तुमच्या पत्रात आहे, पण तिच्याबद्दल तक्रार नाही. घोळ नेमका तिथेच आहे.

लांबीकडे येतेच. आधी ते पट्टे ओढून बांधण्याचं बघू, कारण ते सगळेच करतात. कापड ताठ केलं की ते खाटेसारखं सपाट होईल असं वाटतं. आता घरातली लुगड्याची झोळी आठवा. कुठल्या आजीनं ती ताणून बांधली होती? झोळीला झोल लागतो. दोन्ही टोकांना चुणून बांधलेलं कापड ताणलं की मधोमध एक ताठ कणा तयार होतो आणि दोन्ही कडा भिंतींसारख्या वर येऊन खांदे आवळतात. तुमच्या वजनानं मधला भाग तरीही खाली जातोच. म्हणजे ताण वाढतो आणि सपाटपणा मिळत नाही तो नाहीच.

शिवाय दोराचं गणित तुमच्या विरुद्ध जातं. पट्टा आडव्या रेषेशी ३० अंशांचा कोन करून उतरत असेल तर ९२ किलोच्या माणसाचे प्रत्येक बाजूवर ९२ किलोच येतात. कोन १५ अंशांवर आणलात की तेच ओझं एका बाजूला सुमारे १७८ किलो होतं, १० अंशांवर २६५ किलो. आणि अगदी ५ अंशांइतकं ताठ केलंत तर ५०० किलोच्या वर. मग ३०० किलोच्या शिक्क्याचा भरवसा काय? माणूस तोच, झाड तेच, फक्त तुम्ही जोर लावून पट्टा ओढलात. हे मी पुस्तकातून शिकले नाही. आमच्याकडे घरी सराव करताना मी एक टोक खिडकीच्या गजाला आणि दुसरं गॅलरीच्या कठड्याला बांधलं होतं, छान ताठ. भाऊ बसला. कठडा आत वाकला तो अजून तसाच आहे, टॉवेल वाळत घालायला बरा पडतो. जुन्या घरात झोपाळ्याच्या कड्या असतील तर त्यांनाही हॅमॉक लावू नका. त्या कड्या सरळ खाली येणारा भार पेलायला बसवलेल्या असतात, हॅमॉक त्यांना तिरपा ओढतो.

तीस अंश मोजायला कोनमापक नको. अंगठा उभा आणि तर्जनी आडवी धरा, काटकोन करा. अंगठ्याच्या टोकापासून तर्जनीच्या टोकापर्यंत जी तिरपी रेष जाते, साधारण तसा पट्टा झाडावरून उतरायला हवा. पहिल्यांदा बघताना हे फारच सैल वाटतं, आपण काहीतरी चुकतोय असं वाटतं. वाटू द्या.

आता लांबी. झोल ठेवून टांगलेल्या हॅमॉकच्या दोन टोकांमधलं सरळ अंतर त्याच्या लांबीच्या साधारण ८३ टक्के ठेवतात. भटके लोक या अंतराला एक न ताणली जाणारी बारीक दोरी कायमची बांधून ठेवतात, तिला रिजलाईन म्हणतात. तुमच्या २६० सेंटिमीटरच्या हॅमॉकला हे अंतर २१६ सेंटिमीटर होतं. तुम्ही १९०. डोक्याच्या आणि पायांच्या पुढे मिळून उरलं २६ सेंटिमीटर, म्हणजे प्रत्येक बाजूला अर्धी वीत, आणि तीही जिथे कापड चुणून गाठीसारखं झालंय तिथे. बहिणाबाईंना, म्हणजे तुमच्या पत्नीला हो, याच हॅमॉकमध्ये ५८ सेंटिमीटर उरतात. झोप तिला लागणारच होती, त्यात तिचं कौशल्य काही नाही.

माझा सोपा हिशेब असा: आपली उंची अधिक चार फूट, आणि त्याच्या वरचं जे माप बाजारात मिळेल ते. तुमच्यासाठी सव्वादहा फूट येतात, म्हणजे ११ फुटी घ्या, ३३५ सेंटिमीटर. त्याची रिजलाईन २७८ सेंटिमीटर. पाच फूट आठच्या वाचकांनाही १० फुटी घेतलेला बरा. सात फुटांच्या पुढे असाल तर १२ फुटी शिवून घ्यावा लागेल, त्याबद्दल खाली सांगते. विकणाऱ्यांच्या पानावर मापं बघताना एक खबरदारी: काही जण पट्ट्यांसकट लांबी लिहितात. नुसत्या कापडाची किती, ते विचारा.

पण नुसता लांब हॅमॉक घेऊन त्यात मधोमध झोपलात तर पुन्हा केळंच. तुमच्या पत्रात झोपायच्या पद्धतीबद्दल एक अक्षर नाही, त्यावरून तुम्ही मधोमध झोपला असणार असा माझा अंदाज. हॅमॉक हा शब्दच कॅरिबियन बेटांवरच्या ताईनो लोकांच्या भाषेतून स्पॅनिशमार्गे जगभर गेला. मेक्सिकोतल्या युकातानमध्ये आजही घरात रोज हॅमॉकवर झोपणारी माणसं आहेत, आणि ती त्यात तिरपी पडतात. मधल्या रेषेत कापडाचा बाक सगळ्यात खोल असतो. तिरपं झालं की तुमचं शरीर त्या बाकाला छेद देऊन जातं आणि पाठ जवळजवळ सरळ होते.

करायचं असं: आधी हॅमॉकच्या मध्यावर खुर्चीत बसल्यासारखे बसा. मागे पडा. पाय आत घ्या. मग दोन्ही पाय उजव्या कडेकडे सरकवा, डोकं आणि खांदे डाव्या कडेकडे. डावीकडून पाय जास्त सरळ होत असतील तर उलट करा, प्रत्येकाची एक बाजू असते. पोटऱ्यांखाली एक ताठ दांडा टोचतोय असं वाटेल, तोच तो कापडाचा कणा. तुमचे गुडघे उलटे ताणले गेले ते त्याच्यामुळे: टाचा त्या कण्यावर चढलेल्या, ढुंगण खाली, आणि मधे गुडघ्याला आधार नाही. पाय कण्याच्या पलीकडे नेले की तो पोटऱ्यांखालून निघून जातो. लहान हॅमॉकमध्ये पलीकडे जायला जागाच नसते, म्हणून उंच माणसाला लांबी लागते. लांब हॅमॉकमध्येही थोडं टोचलंच तर गुडघ्यांखाली जर्किनची घडी ठेवा.

आणखी एक युक्ती, जिच्यावर माझा भाऊ शपथ घेतो. पायाकडचं टोक डोक्याकडच्या टोकापेक्षा वीतभर उंच बांधायचं. धड पायांपेक्षा जड असतं, त्यामुळे झोपेत माणूस हळूहळू पायाकडे घसरतो आणि पहाटे मधल्या खड्ड्यात गोळा होऊन जागा होतो. टोक उंच केलं की घसरण थांबते.

हे सगळं आधी जुन्या हॅमॉकवरच करून बघा. खर्च शून्य. त्यात पूर्ण आराम मिळणार नाही हे आत्ताच सांगते, पण तासभर तिरपं पडून खांदे मोकळे झाले, तर हॅमॉक तुमच्यासाठी आहे हे कळेल. खांदे मोकळे होऊनही कंबर दुखत राहिली किंवा तुम्ही पालथं झोपल्याशिवाय डोळा लागत नाही अशा जातीचे असाल, तर ११ फुटीवर पैसे घालू नका. हॅमॉकमध्ये पालथं झोपता येत नाही, कुशीवर अर्धवट येतं. कमरेचं जुनं दुखणं असेल तर डॉक्टरांना विचारूनच.

'डबल'चं आता सांगते. रुंदी अगदीच बिनकामाची नाही. १४० सेंटिमीटर तुम्हाला कमीच आहे, तिरपं झालात की टाचा कडेबाहेर जातील. १५० ते १७० पुरे. दोन मीटर रुंदीचा घेतलात तर जादाचं कापड रात्रभर तोंडावर येतं, समुद्राचा वारा सुटला की शिडासारखं फडफडतं, आणि लांबी मात्र तिथेही बऱ्याचदा ३०० च असते. ५०० किलोचा शिक्का तुमच्या झोपेत काडीची भर घालत नाही. तुमच्या वजनाला कापड बऱ्यापैकी दणकट हवं हे खरं, पण जाडी आणि ताण या वेगळ्या गोष्टी आहेत. स्वस्त पॅराशूट नायलॉन जाड असूनही ताणतं, रात्री बारापर्यंत बरं असतं आणि चारला तुम्ही पुन्हा पिशवीत. दुकानात कापड दोन्ही मुठींत धरून तिरपं ओढून बघा. रबरासारखं वाटलं तर ठेवून द्या. दुहेरी कापडाचा मिळाला तर तुमच्यासाठी उत्तम: ताण कमी, खालून डास चावत नाहीत, आणि दोन थरांमध्ये मॅट सरकवता येते. थोडं वजन वाढतं, ते तुमच्या खांद्यांना जड नाही.

दोन्ही टोकांना लाकडी दांडे लावलेला, बंगल्याच्या बागेत असतो तो प्रकार सपाट दिसतो म्हणून भुलू नका. कुशीवर वळलात की उलटतो. बागेतच ठीक.

पाठ गारठली हे तुम्ही ओझरतं लिहिलंय, पण मला वाटतं तुम्हाला तीन वाजता उठवलं ते त्यानंच. जमिनीवर झोपताना खाली फक्त जमीन गार असते. हॅमॉकमध्ये खालून वारा वाहतो, आणि स्लीपिंग बॅगचा पाठीखालचा कापूस दबून चपटा झाला की त्याची ऊब संपते. कोकणातल्या डिसेंबरच्या पहाटेही हे जाणवतं, घाटमाथ्यावर तर विचारू नका. हॅमॉकच्या खाली बाहेरून टांगायची रजई मिळते, अंडरक्विल्ट म्हणतात. चांगली असते आणि महाग असते. सुरुवातीला आपली कॅरीमॅट बस. मात्र तीही तुम्हाला आखूड आणि अरुंद पडणार. जुनी एक मॅट कापून तिचा तुकडा खांद्यांखाली आडवा टाका आणि दुसरा पोटऱ्यांखाली. दिसायला जुगाड, पण पाठ वाचते. मच्छरदाणी आणि वरची ताडपत्रीही ११ फुटी हॅमॉकच्या मापाचीच घ्या, नाहीतर वरचं छप्पर जुन्या मापाचं आणि पाय दवात. पावसाळ्यात पाणी पट्ट्यावरून ओघळत थेट तुमच्या डोक्यापाशी येतं. ताडपत्रीच्या आत आल्यावर पट्ट्याला बुटाची नाडी बांधून लोंबती सोडा, पाणी तिथून खाली गळतं. तरी माझं म्हणाल तर भर आषाढात हॅमॉक घरी ठेवा.

खर्चाचं. ११ फुटी हॅमॉक दुकानात पटकन मिळत नाही हे मान्य. पण हॅमॉक म्हणजे शेवटी काय, एक लांब कापड आणि दोन टोकांना नेफा. दीड मीटर पन्ह्याचं चांगलं रिपस्टॉप (चौकटी विणीचं, फाट पसरू न देणारं) नायलॉन किंवा पॉलिस्टर साडेतीन मीटर घ्या, आणि बॅगा किंवा ताडपत्र्या शिवणाऱ्याकडे जा. ब्लाउज शिवणाऱ्याकडे नको. दोन्ही टोकांना नेफा दुमडून त्यावर पॉलिस्टर दोऱ्याची तिहेरी शिवण मारायला सांगा, नेफ्यातून मजबूत दोर ओवा, चुणून घ्या. झालं. आमच्या भावाचा असाच आहे, त्याला पाच हिवाळे झाले. पहिल्या दिवशी मात्र खाली गादी टाकून, जमिनीपासून हातभर उंचीवर बसून बघा. पट्टे विकतचेच घ्या: निदान एक इंच रुंद आणि पॉलिस्टरचे. नायलॉनचे ताणतात, आणि नुसता बारीक दोर झाडाची साल कापतो. किल्लीला लावायचे शोभेचे कॅराबिनर, म्हणजे दाबून उघडणाऱ्या कड्या, हॅमॉकला लावणारे लोक मी पाहिलेत. ते करू नका.

तुमच्या उंचीचा इथे फायदाच आहे. ११ फुटी हॅमॉकसाठी दोन झाडांमध्ये १२ ते १५ फूट अंतर लागतं. झाडं १२ फुटांवर असतील तर पट्टा तुमच्या खांद्याइतक्या उंचीवर बांधा, १४ फुटांवर असतील तर डोळ्यांइतक्या. बसल्यावर बूड खुर्चीच्या उंचीवर येईल. मापपट्टी तुम्ही स्वतःच आहात. आम्हा बुटक्यांना दगडावर चढावं लागतं.

झाड कोणतं, याबद्दल थोडं. सुरू चांगला, पण वाळलेला नको. जांभूळ, हिरडा, अंजन हे माझे आवडते. काटेसावर आणि पांगारा यांच्या काट्यांशी पट्ट्यानं कशाला भांडायचं? कारवी कितीही दाट असली तरी ते झुडूपच. नारळाच्या दोन झाडांमध्ये हॅमॉक टांगलेले फोटो सगळ्यांना आवडतात. फोटो काढा आणि झोपायला दुसरीकडे जा, कारण रात्री नारळ पडतो तो बघून पडत नाही. बांधायच्या आधी मान वर करून वाळक्या फांद्या, मुंग्यांची पानांची घरटी आणि पोळी बघून घ्या. गडांवरचे खांब, कमानी, देवळाचे दगड यांना पट्टा लावू नका, शिवाय बऱ्याच गडमाथ्यांवर झाडच नसतं. तिथे हॅमॉक म्हणजे नुसतं ओझं, चटई न्या. अभयारण्यात आणि राखीव जंगलात वनखात्याच्या परवानगीशिवाय मुक्काम करता येत नाही, आणि कोकणातल्या बागा कुणाच्या तरी असतात. विचारलं की बहुधा चहाही मिळतो.

तंबू की हॅमॉक, असा प्रश्न तुमच्या पत्रात आडून आहे. तंबूत तुमचे पाय भिंतीला लागतात, पहाटे दवानं मोजे भिजतात. लांब हॅमॉकला पायाशी भिंतच नाही. झाडांच्या मुलखात फिरणार असाल तर उंच माणसाला हॅमॉक तंबूपेक्षा सोयीचा पडू शकतो, भावानं तंबू कधीच विकून टाकला. कातळपठारांवरच जास्त जात असाल तर मोठ्या लांबीचा तंबू घेतलेला बरा.

राहिला एक प्रश्न, जो तुम्ही 'डबल'च्या आडोशानं विचारलात: दोघांनी एका हॅमॉकमध्ये झोपावं का. चहा प्यायला बसा जरूर. झोपायला नको. दोघांची वजनं एकाच खड्ड्यात गोळा होतात, तिरपं होता येत नाही, आणि पहाटेपर्यंत कुणीतरी वाळूवर असतं. कोण, ते तुम्हाला माहीत आहे. एका बाजूचं झाड सामाईक ठेवून दोन हॅमॉक लावा. झाड जाडजूड बघा, त्याच्यावर दोघांचा ओढा येतो. तुमचा ११ फुटी नवा येईल. २६० चा जुना विकायला काढू नका, त्याची मालकीण दापोलीत दुपारीच ठरली आहे.